आजीचा हाली रुपया आणि १९४७ चा कायदा

नवीपेठ_कट्टा
परवा घर आवरताना आजीच्या ट्रंकेत चारमिनारवाला रुपया सापडला, हाली, म्हणजे हैदराबादच्या निजामाचं नाणं. आजीचं माहेर तुळजापूर, तेव्हा निजामाच्या राज्यात, सासर सोलापूर, ब्रिटिशांकडं, मधे जेमतेम ४५ किलोमीटर. पण तिकडं हाली, इकडं कलदार म्हणजे ब्रिटिशांचा रुपया, आणि वाटेत करोडगिरी म्हणजे जकातीच्या नाक्यावर गाठोडं सोडून दाखवायचं. लग्नातलं लुगडंसुद्धा उलगडून बघितलं म्हणायची. १५ ऑगस्टला सोलापुरात झेंडा लागला, पेढे वाटले आणि तिचे आईवडील मात्र निजामाचेच राहिले.

म्हणून ब्रिटिश संसदेचा १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा काढून वाचला, कलमं फक्त २०. सगळे पंजाब-बंगालच्या फाळणीबद्दल बोलतात, ते बरोबरच आहे, पण आपल्या भागाची वाट लावली ती कलम ७ ने. संस्थानांवरची ब्रिटिशांची अधिसत्ता 'संपली' एवढंच लिहिलंय, नव्या सरकारकडे दिली नाही. भाडेकरूनं घर सोडताना किल्ली विहिरीत टाकावी तसं झालं हे. माझ्या मते हा निव्वळ बेजबाबदारपणा.

कलमबहाद्दर
काय बोललालाय ओ! किल्ली मुळात दिल्ली सरकारची नव्हतीच. तह झाले ते संस्थानिक आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात, मग एकाच्या सहीवर दुसऱ्याला कसं बांधणार? आणि कलम ७ अर्धंच वाचलं तुम्ही. त्यातच पुढं परंतुक म्हणजे जोडअट आहे की जकात, दळणवळण, पोस्ट-तार यांचे करार कुणी मोडेपर्यंत चालू राहतील. संस्थानं ५६० च्या वर होती, बहुतेक सगळी पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी १५ ऑगस्टच्या आत सामील करून घेतली. राहिलं हैदराबाद, तो निजामाचा हट्ट, कायद्याचा काय दोष त्यात?

नवीपेठ_कट्टा
हट्ट करायला जागा कुणी ठेवली पण? परंतुकानं नाका चालू ठेवला, आजीला माहेर नाही मिळालं.

हुतात्मा_चौक
तुम्ही दोघं कलमं काय उगाळताय बे. कायद्यानं स्वातंत्र्य 'दिलं' हेच मला पटत नाही. १९३० ला इथं सोलापुरात मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन फाशी गेले, त्यांनी काय लंडनच्या सहीची वाट बघितली का. वर त्या सहीची घाई बघा, ४ जुलैला बिल मांडलं, १८ जुलैला मंजुरी, फाळणीची रेषा आखणारा रॅडक्लिफ ८ जुलैला पहिल्यांदा भारतात आला आणि रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला. म्हणजे वरात निघाली, जेवणावळ उठली आणि नवरी कुठल्या घरी जाणार ते दोन दिवसांनी कळलं. लाहोर-अमृतसरची माणसं दोन दिवस कुठल्या देशात होती ते तरी सांगा.

कलमबहाद्दर
घाई झाली, मान्य. आधी जून १९४८ ठरलं होतं. पण दंगली पेटलेल्या आणि हाताखालचं पोलीस-लष्कर फुटत चाललेलं असताना अजून दहा महिने थांबून रेषा जास्त नीट निघाली असती हे कशावरून? आणि 'दिलं' म्हणाल तर घटनेचं कलम ३९५ वाचा, आपण हा कायदा चक्क रद्द केला.

हुतात्मा_चौक
तेच म्हणतोय की! रद्द केला म्हणजे त्यांच्या कागदाची गरज नव्हती.

कलमबहाद्दर
रद्द करायचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये दिलेला होता मालक 😀

हुतात्मा_चौक
संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ लाच बसली होती. तेव्हा तुमचं कलम ६ जन्मलं पण नव्हतं. तुम्ही वकिलीच करा.

नवीपेठ_कट्टा
कायदा चांगला होता म्हणताय तर मग १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापुरातून हैदराबादवर फौज का काढावी लागली? आजी सांगायची रात्रभर गाड्यांचा आवाज, सकाळी रस्त्यावर नुसता फुफाटा. निजामाच्या हद्दीतलं नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं, १७ तारखेला निजामाची शरणागती. त्या दिवाळीला ती माहेरी गेली तेव्हा नाक्यावर गाठोडं सोडायला लावलं नाही कुणी, ती आपणहून थांबली होती म्हणे, सवयीनं.

कलमबहाद्दर
फौज लागली हे खरं, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण किल्ली विहिरीत टाकली हे अजून मान्य नाही. रुपयाचा फोटो टाका की, साल कुठलं आहे त्यावर?