कोजागिरी, पंखे आणि ४०३ची बासरी

शुक्रवार

सचिव, ९.१०: नमस्कार. परवा कोजागिरी. आकाशवाणीच्या संगीत स्पर्धेत बासरीला पहिलं बक्षीस मिळवलेला आपल्या सी-४०३चा मुलगा यंदा वाजवणार आहे. वेळ रात्री ८. जागा बदलली आहे, गच्चीऐवजी खालचा हॉल. दूध नंतर गच्चीवरच. वादन चालू असताना पंखे बंद राहतील. सहकार्य करावे ही विनंती.

बी-३०४: गच्ची का नाही? चंद्र काय हॉलमध्ये उतरणार आहे?

सी-५०२: पंखे बंद?? ऑक्टोबरात? डोंबिवलीत? हॉलला खिडक्या दोन. त्यातली एक तीन वर्षं उघडत नाही. पत्र दिलेलं आहे.

सचिव: पत्र मिळालंय साहेब.

सी-५०२: मिळालंय हे मला तीन वर्षं माहीत आहे.

सी-४०३: नमस्कार, मी त्याची आई. पंख्यांचं मीच सांगितलं होतं, राग माझ्यावर काढा. बासरीत तार नाही की कातडं नाही. ओठांतून निघालेली फुंक भोकाच्या कडेवर नेमकी बसली तरच सूर लागतो. वरून पंख्याचा वारा आला की फुंकच सरकते. वरचे सूर कसेबसे निघतात, खर्जात नुसतं फुस्स. मागे एका कार्यक्रमात कौतुकाने टेबलफॅन लावून दिला होता, पोरगा अर्धा तास मान वाकडी करून वाजवत होता. आणि आपल्या गच्चीवरचा वारा तर सगळ्यांना ठाऊक आहे. चादरी डी-विंगच्या मागे सापडतात.

बी-३०४: माझी अजून सापडलेली नाही.

सी-५०२: मग या वर्षी सतारवाला बघा. सतारीला पंखा चालतो.

ए-१०१ (आजोबा): सतारीला पंखा चालतो, पण सतारीत बक्षीस मिळवलेला मुलगा आपल्या बिल्डिंगमध्ये नाही. हा जी वाजवतो ती जत्रेतली बासरी नव्हे. पांढरी तीनची, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला जिचा सा लागतो ती, सुमारे अडीच फूट लांब. एवढी लांब बासरी शास्त्रीय मैफलीत आणली पन्नालाल घोषांनी. बारिसालचे, जन्म १९११. त्याआधी बासरी म्हणजे लोकगीताच्या साथीला. त्यांनी बांबू लांब आणि रुंद घेतला तेव्हा खर्ज मिळाला. सहा भोकांच्या खाली सातवंही पाडलं. १९६० साली दिल्लीत गेले, पन्नाशीसुद्धा गाठली नाही. त्यांचे जावई देवेंद्र मुर्डेश्वर, आणि मुर्डेश्वरांचे शिष्य आपल्या पुण्याचे केशव गिंडे. थोडं घामाघूम होऊन ऐकण्यासारखं वाद्य आहे हे.

बी-१०३: आजोबा, हरिप्रसाद चौरसिया बासरी डावीकडे धरतात ना? मला लहानपणी वाटायचं फोटो उलटा छापलाय.

ए-१०१ (आजोबा): फोटो सुलटच आहे. आधी तेही उजवीकडेच धरायचे. आकाशवाणीत नोकरी झाली, सिनेमात वाजवून नाव झालं, आणि मग सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. पाटी कोरी करून शिकायची तयारी दिसावी म्हणून हात बदलले. तयार वादकाने फुंक कुठल्या बाजूने मारायची इथपासून परत सुरू करायचं. करून बघा, जमलं तर सांगा.

बी-१०३: मला दात घासतानासुद्धा डावा हात जमत नाही.

बी-६०१ (खजिनदार): हातपंखे चालतील का? १५ रुपयांप्रमाणे ४० आणतो. ६०० होतील, पावती ठेवतो.

सी-४०३: चालतील. फक्त पहिल्या दोन रांगांत नकोत.

रविवार

बी-१०३, ८.१०: मी मागे उभा आहे. अजून तबलाच ठोकतायत. किती वेळ?

ए-१०१ (आजोबा): बासरीला खुंटी नसते. फुंकेने बांबू तापला की सूर किंचित चढतो. ती कुणाचं ऐकत नाही, तबल्याने आणि तानपुऱ्यानेच तिच्याकडे यायचं. आणि फोन खिशात ठेव.

बी-३०४, ८.३५: ए-विंगच्या लिफ्टचं दार कोणीतरी नीट लावा हो. आलापात मधूनच ती बाई 'कृपया दरवाजा बंद कीजिए' म्हणतेय.

सचिव: वॉचमनला पाठवलं.

सोमवार

बी-३०४, ७.४०: पंखे बंद झाल्यावर पहिल्यांदा कळलं की आपल्या हॉलला स्वतःचा एक आवाज आहे. ट्यूबलाइटची गुणगुण. मग त्याने फुंक घेतली, ती आधी ऐकू आली आणि सूर नंतर. दर थोड्या वेळाने बोटं रुमालाला पुसत होता, तेवढं बघून वाईट वाटलं. सात मात्रांच्या रूपक तालातली गत मला नीट मोजता आली नाही, पण पहाडी धून चालू असताना आमचे हे चक्क झोपले नाहीत.

बी-१०३: मला आलाप जरा लांबला असं वाटलं. शिव्या घालू नका. झाला मात्र जबरदस्त.

ए-१०१ (आजोबा): शिव्या नाही. पुढच्या वेळी पुढे बस. मागच्या भिंतीशी खर्ज पोचत नव्हता, माइक फार वर धरला होता.

बी-१०३: पण कार्यक्रमपत्रिकेत राग मारुबिहाग लिहिलं होतं, वाजवला यमन. काही खास कारण?

सी-४०३ (चिरंजीव): नमस्कार काका, आईच्या फोनवरून लिहितोय. यमनचे सगळे सूर या बासरीवर पूर्ण भोकांनी निघतात. सगळी बोटं उचलली की आपोआप तीव्र मध्यम, म्हणजे चढा म येतो. शुद्ध मध्यमाला, म्हणजे साध्या म ला मात्र तोंडाकडचं पहिलं भोक अर्धंच झाकावं लागतं, आणि मारुबिहागात दोन्ही मध्यम. तबला जुळेपर्यंतच बोटं घामाने सरकायला लागली होती. अर्धं भोक पाव झालं असतं तर आजोबांनी लगेच ओळखलं असतं. म्हणून ऐन वेळी यमन.

ए-१०१ (आजोबा): ओळखलं असतं.

सी-५०२: म्हणजे मारुबिहाग गेला तो त्या खिडकीमुळे. सचिव साहेब, पत्र पुन्हा देतोय. या वेळी त्यात रागाचं नाव घालतो.

सचिव: काका, तुम्ही आला होतात? दिसला नाहीत.

सी-५०२: तिसऱ्या रांगेत होतो. शर्ट पिळून वाळत घातलाय. आणि शेजारचे गृहस्थ ऐन खर्जात हातपंखा हलवत होते, मी त्यांचा हात धरून ठेवला. कोण होते माहीत नाही, पाहुणे असावेत. रागावले असतील तर सॉरी कळवा.

बी-६०१ (खजिनदार): ते माझे मेहुणे. रागावले नाहीत. हातपंखे ४० वाटले होते, २७ परत आले आहेत. उरलेले कोणाकडे असतील तर वॉचमनकडे द्यावेत. दूध ४ लिटर उरलं होतं, त्याची बासुंदी केली आहे, ज्यांना हवी त्यांनी डबा घेऊन ६०१मध्ये यावं.

बी-३०४: येते. आणि कोणी डी-विंगच्या मागे गेलं तर निळी चादर बघा हो, काठाला पांढरी फुलं आहेत.