एमसी तोडफोडच्या आठवणी: तुमच्याकडे असतील तर लिहा

काल दादरहून परतताना समोरच्या पोराच्या फोनवर 'गली बॉय'मधलं 'इंडिया ९१' हे गाणं लागलं. गुजराती ओळी सुरू झाल्या आणि माझं स्टेशन मागे पडलं. धरमेश परमार, म्हणजे गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड. २० मार्च २०२२ ला गेला. वय २४.

माझ्या आईची भाषा गुजराती, बाबांची मराठी. शाळेत असताना मैत्रिणींसमोर आई गुजरातीत बोलली की मी तिला गप्प करायचे. आमच्या वर्गात गुजराती म्हणजे गरबा, नाहीतर नाटकातला शेठजी. त्या भाषेत कुणीतरी चाळीतलं, रागाचं, हक्काचं बोलतंय हे मी पहिल्यांदा तोडफोडकडून ऐकलं. आईला ऐकवलं. वेगामुळे तिला अर्धं कळलंच नाही, पण म्हणाली, "आपणो छोकरो छे." तो गेल्याचं मी तिला आठवडाभर सांगितलं नव्हतं.

कसा गेला याची चर्चा इथे नको, प्लीज. कसा ऐकलात ते लिहा.

रात्रपाळी
ड्युटीवर आहे, जमेल तसं लिहितो. स्वदेशी, म्हणजे त्याचा रॅप ग्रुप, त्यांच्या शोला पाहिलाय, २०१८. माइक हातोहात फिरत होता. हिंदी संपतेय तोवर मराठी, तिच्या शेपटीला लगेच याची गुजराती. मला गुजराती ओ की ठो येत नाही, तरी दुसऱ्या वेळेला ओळीचे शेवटचे शब्द मीही ओरडत होतो. घसा बसला होता दोन दिवस. बेल वाजली, येतो.

वऱ्हाडी ठेचा
इंडिया ९१ मदे शंभर आरबीएच हा रॅपर पन हाय ना. आमच्या अमरावतीचा! पहिल्यांदा ऐकलं तवा म्हटलं अरे हा त आपल्यासारखाच बोलते. थो आईचा किस्सा वाचून डोये भरून आले ताई.

तिहाई
मी तबला शिकवते, म्हणून जरा लांबण लावते. 'इंडिया ९१'च्या मागे मृदंगमवादक विवेक राजगोपालन आहेत. त्यांच्या 'ता धोम प्रोजेक्ट'मध्ये तोडफोड आणि इतर काही रॅपर कोन्नकोल शिकले. म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणायचे आणि हाताने ताल धरायचा. दर मात्रेला चार अक्षरं धरा आणि ओळ पाच-पाचांत तोडा: तकतकिट, तकतकिट. जोर मात्रेवरून घसरत जातो, आणि वीस अक्षरं झाली की बरोब्बर पुन्हा मात्रेवर येतो. ऐकणाऱ्याला वाटतं गडी चुकला, आणि तेवढ्यात तो घरी पोचलेला असतो.
माझ्या एका विद्यार्थ्याला झपताल काही केल्या बसत नव्हता. दोन-तीन-दोन-तीन म्हणताना पाय चारचाच पडायचा. त्याला हे गाणं तीनदा ऐकवलं. म्हणाला, बाई, हे तर बोलताबोलता मोजायचं. पुढच्या आठवड्यात झपताल आला.

कुकरची शिट्टी
वाचतेय सगळं. पोळ्या झाल्या की लिहिते.

तिसरा मजला
तोडफोड नायगावच्या बीडीडी चाळीतला ना? आमचं बालपण वरळीच्या बीडीडीत. १६० चौरस फूट खोली, त्यात आम्ही सात जण, संडास कॉमन. आता पुनर्विकासात ५०० फुटांचं घर मिळालं. आई म्हणते दार लावलं की कुणाचाच आवाज येत नाही, करमत नाही.

रात्रपाळी
@तिसरा मजला चावी मिळाली? अभिनंदन हो! आमची मावशी अजून संक्रमण शिबिरातच. मजला कितवा मिळाला?

तिसरा मजला
सतरावा. नाव काही बदलणार नाही 🙂 पण खरं सांगतो, त्या कॉमन गॅलरीत मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकूच जात नाही. याच्या आवाजात मला ती गॅलरी ऐकू येते.

पाऊलवाट
आरेमुळे ऐकायला लागले. ऑक्टोबर २०१९, मेट्रो कारशेडसाठी रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली आणि आम्ही धावलो. आत जाऊ दिलं नाही. बाहेर उभं राहून नुसता करवतींचा आवाज ऐकला. न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. घरी येऊन स्वदेशीचं 'वारली रिव्होल्ट' लावलं, आरेतले प्रकाश भोईर आहेत त्यात. मग त्यांचं सगळंच शोधून ऐकलं, त्यात तोडफोड सापडला. माझ्यासाठी तो त्या रात्रीशी जोडलेला आहे, वेगळा काढता येत नाही.

वऱ्हाडी ठेचा
करवतीचं वाचून काटा आला.

कुकरची शिट्टी
आले. माझा मुलगा तेव्हा सोळाचा होता. वहीच्या मागच्या पानांवर यमकं लिहायचा, मी ओरडायचे. त्याच मार्चमध्ये तोडफोडचा 'ट्रुथ अँड बास' अल्बम आला होता, दिवसभर तेच चालू. मी म्हटलं, अरे कमी कर. बातमी आली त्या संध्याकाळी त्याने स्वतःच बंद केलं, आणि जेवला नाही. मला कळेना कुणासाठी रडतोय. मग त्याने बाजूला बसवून एक गाणं ऐकवलं आणि ओळ न ओळ मराठीत सांगितली.
सकाळी वही उघडी होती. एका पानावर फक्त तारीख, खाली काही नाही. ते पान तसंच आहे. मी आता ओरडत नाही.

रात्रपाळी
ताई, तो अजून लिहितो का?

कुकरची शिट्टी
लिहितो. मालवणीत. आजीला विचारून विचारून शब्द घेतो.

धागाकर्ती
आईला हे सगळं वाचून दाखवतेय. तकतकिट तीनदा वाचायला लावलं. @तिहाई, ते आवाजात म्हणून पाठवाल का? तिला हातावर धरून बघायचंय.

तिहाई
पाठवते. क्लासची मुलं गेली की लगेच.