मदत हवी आहे: मेलबर्न–मुंबई तिकिटाचे माइल्स क्रिसफ्लायरला की व्हेलॉसिटीला?

क्रिसफ्लायर ही सिंगापूर एअरलाइन्सची माइल्स योजना, व्हेलॉसिटी व्हर्जिन ऑस्ट्रेलियाची. डिसेंबरात सिंगापूर एअरलाइन्सने मेलबर्न–सिंगापूर–मुंबई, परत जानेवारीअखेर. दोन मोठे, एक आठ वर्षांचा मुलगा. शाळेच्या सुट्टीमुळे तारखा हलत नाहीत. इकॉनॉमी लाइट हे सर्वांत स्वस्त भाडंच परवडतं, त्यात माइल्स मुळातच कमी.

एका फ्लाइटचे माइल्स एकाच खात्यात जातात, म्हणून बुकिंगआधीच ठरवायचंय. व्हेलॉसिटीत कुटुंबाचे पॉइंट एकत्र करता येतात. क्रिसफ्लायरमध्ये तिघांचे तीन डबे, शिवाय माइल्स तीन वर्षांत संपतात. पण सिंगापूर एअरलाइन्सच्या सेव्हर सीट (कमी माइल्समध्ये मिळणाऱ्या) क्रिसफ्लायरवाल्यांनाच जास्त दिसतात. वेबसाइटवरचे तक्ते पाहिले. लाइट भाड्याला नेमका कोणता बुकिंग क्लास (भाड्याचा एका अक्षराचा कोड, ज्यावर माइल्स ठरतात) पडेल ते तिथून कळत नाही.

स्टेटस (सिल्व्हर-गोल्डसारखा दर्जा) नकोय. पुढे माइल्सवर मेलबर्न–सिंगापूर बिझनेसच्या दोन सीट घ्यायच्यात. पैसे भरण्याआधी बुकिंग क्लासचं अक्षर कुठे दिसतं, आणि त्यावर यापैकी कुठे जास्त मिळतं?