मुली आणि आया, दोघींचा गट: नागपुरात नंदनवनकडे कोणी चालवला आहे का?

प्रश्न: वस्तीतल्या सातवी ते दहावीच्या मुली आणि त्यांच्या आया, असा रविवारचा गट सुरू करायचा विचार करून राहिली. माझी पोरगी तेराची. मी खोलीत शिरली की मोबाइल पालथा. आया येतील का? पहिल्या दिवशी बोलायचं काय?

अंगणवाडीताई: येतील, पण भाषणाला नाही. आम्ही बचत गटाच्या बैठकीलाच जोडून घेतलं. सुरुवात अंगात रक्त कमी असण्यापासून करा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, १० ते १९ वयासाठी. त्यात आठवड्याला एक निळी लोहगोळी, जेवणानंतर. पोरी ती मुठीत घेऊन जातात अन् नालीत टाकतात. मळमळते, शी काळी होते, हे आधी सांगतेच कोण? आईसमोर सांगा. आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, आहे, ती तपासणीही जोडा. पाळीचा विषय मग आपोआप निघते, काढावा लागत नाही.

दुसरं उत्तर: पूर्ण वेळ एकत्र बसवू नका, पोरी तोंडच उघडत नाहीत. अर्धा वेळ वेगळ्या. मुलींसोबत वस्तीतलीच कॉलेजात जाणारी ताई हवी, बाहेरची मॅडम नको. मुलीचं बोलणं आईपर्यंत न्यायचं नाही. मात्र मारहाण, छळ किंवा लग्न ठरवल्याचं कळलं तर गप्प बसायचं नाही, १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन. हा नियम आयांनाही पहिल्याच दिवशी सांगा.

प्रश्नकर्ती: आणि वेळ? दुपारी चार ठेवू?

अंगणवाडीताई: मे महिन्यात? नागपुरात? सकाळी आठ ठेवा बाप्पा. नळाची वेळ तेवढी विचारून घ्या.