पांढरीच्या टेकाडात जुनं घर निघालंय, वाचवायचं कसं?

घोडकाठ: आमच्या गावाबाहेर घोड नदीकाठी पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीचं टेकाड आहे, लोक पूर्वीपासून तिथली माती शेतात टाकायला नेतात पण आता जेसीबी लागलाय. कापलेल्या कडेला चोपलेल्या मातीची जमीन दिसतेय, खाली राखेचा थर आणि लाल खापरं, त्यावर काळ्या रेघा. कुणाला सांगायचं? मालक म्हणतो सरकारला कळलं की जमीन गेलीच, खरंय का?

माती_आणि_माणसं: दादा आधी मशीन थांबवा, बाकीचं नंतर. लाल खापरावर काळी नक्षी म्हणजे जोर्वे काळातलं असू शकतं, तीन हजार वर्षं जुनं. तुमच्याच नदीवर इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खोदकाम केलं, शंभरावर घरं निघाली, एक तर पाच खोल्यांचं, शेजारी धान्याचं कोठार, आणि अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस. बाकी मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरायचे, याचे शाबूत होते, म्हणून तो गावचा प्रमुख असावा असं मानतात. हे सगळं कळलं कारण थर जागेवर होते. ट्रॉलीत भरलेल्या मातीतून काय कळणार?

सातबारा: मालकाला सांगा, संरक्षित जाहीर झालं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव आपोआप जात नाही. आधी अधिसूचना निघते, हरकतीला दोन महिने मिळतात. बंधनं मात्र येतात हे लपवू नका. केंद्राचं संरक्षण असेल तर हद्दीपासून १०० मीटर बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगी घेऊन. तहसीलदार आणि राज्य पुरातत्त्व विभाग दोघांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नुसत्या फोनवर काही हलत नाही.

वर्षा_ताई: खापरं उचलून घरी नेऊ नका प्लीज. पट्टी ठेवून फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा. आणि जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी दिसली तर हात लावू नका, त्या काळी लहान लेकरांना असंच घरात पुरायचे. बकेटच्या एका फटक्यात ते जातं हो.

घोडकाठ: ताई, तशी दोन मडकी आहेत कडेला, एक अर्धं फुटलंय. मालकाला फोटो दाखवला तर स्वतःच मशीन बंद करायला सांगितलं त्याने. अर्जावर त्याचीही सही घेतोय, उद्या तहसीलला जाऊ.