होम वॉरंटीला किती पैसे मोजता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. डॅलसजवळ फ्रिस्कोला २००६ सालचं घर घेतलंय. विकणाऱ्याने दिलेली वर्षाची होम वॉरंटी (घरातला एसी वगैरे बिघडला तर दुरुस्तीचा करार) पुढच्या महिन्यात संपतेय. आता वर्षाचे ७२० डॉलर मागताहेत, शिवाय मेकॅनिक आला की दर खेपेचे १०० वेगळे. जुलैत एसी बंद पडला, तेव्हा "देखभालीची नोंद नाही" म्हणत क्लेम नाकारला. आई-बाबा पुण्याहून आले होते, तीन रात्री ओले पंचे अंगावर घेऊन झोपले. फार वाईट वाटलं. एसीच्या पंख्याची मोटर शेवटी पदरच्या पैशांनी बदलली. कॉम्प्रेसर मात्र मूळचाच, त्यामुळे वॉरंटी सोडायचा धीर होत नाही.

तुम्ही वर्षाला किती भरता? एसीच्या भरपाईला कमाल मर्यादा किती? की तेवढे पैसे बाजूला टाकलेले बरे? टेक्ससमध्ये क्लेम मंजूर झालेल्यांनी कृपया नक्की सांगा.