'गेट'चे इतके अर्थ लक्षात कसे ठेवायचे?

पाऊलवाट: परवा मी इंग्रजीत लिहिलं, 'आय कट माय हेअर'. मैत्रिणीने लगेच विचारलं, "स्वतःच कापलेस?" दुसऱ्याने कापले असतील तर 'आय गॉट माय हेअर कट' म्हणायचं म्हणे. शब्दकोशात 'गेट' म्हणजे मिळणे. मग इथे मला काय मिळालं? वहीत अठरा अर्थ उतरवलेत, बोलताना एकही आठवत नाही. यात काही सूत्र आहे का?

अनुवादिका: अर्थ पाठ करू नका, 'गेट'च्या पुढे काय येतंय ते बघा. वस्तू आली की मिळणं किंवा आणणं. ठिकाण आलं की पोहोचणं: 'गेट होम'. विशेषण आलं की स्थिती बदलते: 'गेट टायर्ड' म्हणजे दमणं, 'इट्स गेटिंग डार्क' म्हणजे अंधार पडतोय. तुमचं केसांचं वाक्य तर मराठीत जसंच्या तसं आहे: केस कापून घेतले. त्यातलं 'घेतले' म्हणजेच हे 'गॉट'. एक खाच मात्र आहे. 'आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर' याची घडण तीच, पण बोट कुणी मुद्दाम अडकवून घेत नाही. तिथे 'बोट दारात सापडलं' असंच म्हणावं लागतं. भाषांतर करताना मी या जागी दर वेळी थांबते.

जुनी वही: हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या 'गेटा'वरून इंग्रजीत आला. अर्थ मिळवणे, गाठणे. 'फरगेट'चं मूळही याच कुळातलं: हातात होतं ते निसटलं. मला हे फार सुंदर वाटतं.

रानपाखरू: आपलं 'लागणे' आठवा! भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, जावं लागतं, मूल बोलू लागतं, शिवाय 'तो तुझा कोण लागतो?' यातलं काही आपण वहीत उतरवलं नव्हतं. वाक्यं कानावर पडत गेली, इतकंच. तुम्हीही सुट्या अर्थांऐवजी अख्खी वाक्यं लिहा.

पाऊलवाट: 'घेतले'मुळे एकदम उलगडलं, मनापासून आभार! पण पुढे क्रियापद आलं तर? 'आय गॉट टू सी हर'?

अनुवादिका: तिला भेटायची संधी मिळाली. 'आय गॉट टू नो हर' म्हणजे तिची हळूहळू ओळख होत गेली. आणि 'आय हॅव गॉट टू सी हर' म्हटलंत, तर तिला भेटायलाच हवं.